पाच मिलिमीटरचं दार

मुलांनो, भारताचा नकाशा समोर घ्या. नागपूरवर बोट ठेवा आणि हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरून ते पूर्वेला सरकवत न्या. गोंदिया गेलं, डोंगरगड गेलं, राजनांदगाव गेलं, दुर्ग आलं की त्याला लागूनच भिलाई. भिलाईच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर एक वसाहत आहे, नंदिनी नगर. लहान नकाशात हे नाव सापडायचं नाही. पण ज्या रुळांवरून तुमचं बोट आत्ता फिरलं, तसे रूळ भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार होतात आणि त्या कारखान्याला लागणारा चुनखडीचा दगड नंदिनीच्या खाणींतून येत आला आहे.

दगड कशाला लागतो पोलादाला? लोखंडाच्या खनिजात वाळूसारखी बरीच घाण मिसळलेली असते. झोतभट्टीत चुनखडी टाकली की तिच्यातला चुना ही घाण स्वतःशी बांधून घेतो आणि वितळलेल्या लोखंडावर तिचा थर तरंगायला लागतो. मग लोखंड वेगळं काढायचं, थर वेगळा काढायचा. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. देशभरातून माणसं कामाला आली, विदर्भातली मराठी कुटुंबंही आली. आजही भिलाईला लोक कौतुकानं ‘मिनी भारत’ म्हणतात.

आता एक गंमत ऐका. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू असते. ती उघडून आत बघता येत नाही. मग आत सगळं ठीक चाललंय की नाही, हे कळतं कसं? भट्टीच्या खालच्या अंगाला गरम हवा आत सोडणाऱ्या नळ्या असतात. त्या नळ्यांच्या मागे एक इवलीशी खिडकी ठेवलेली असते. कामगार डोळ्यांसमोर निळी काच धरतो आणि त्या खिडकीतून आत डोकावतो. आत दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, धडधडत असतो आणि बाहेरचा माणूस एका लहानशा भोकातून त्याची तब्येत तपासत असतो!

आपल्या छातीतही अशीच न थांबणारी कामं चालतात. हृदय ठोके देतंय, फुप्फुसं फुगताहेत आणि मिटताहेत. आणि त्या सगळ्यांच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, एक नळी गुपचूप आपलं काम करते आहे. तिचं नाव अन्ननलिका. कधी कधी, अगदी क्वचित, या नळीच्या शेजारी जन्मापासूनच एक गाठ असते. ती काढायची तर छाती मोठी उघडायची, की लहानशा भोकातून आत जायचं? आजची गोष्ट त्या गाठीची आणि त्या भोकाची.

आधी अन्ननलिकेशी ओळख करून घेऊ. गळ्याच्या पुढच्या बाजूला हलकेच बोटं ठेवा आणि आवंढा गिळा. काहीतरी वर उचललं गेलं आणि परत खाली आलं ना? ती तुमची स्वरयंत्राची पेटी. ती वर सरकते, श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं आणि घास मागच्या नळीत जातो. इथपर्यंतचं काम तुम्ही ठरवून सुरू करता. पुढचं तुमच्या हातात नाही. अन्ननलिकेचे स्नायू घासाच्या मागे आवळतात आणि पुढे सैल होतात, मग त्याच्या खाली आवळतात, असं करत करत घास खाली नेला जातो. मोठ्या माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते आणि घट्ट घासाला तेवढं अंतर जायला आठ-दहा सेकंद लागतात. खूप नाही, पण घास धपकन पोटात पडतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी पुष्कळच! घास पडत नाही, तो नेला जातो. म्हणूनच अंतराळवीरांना वजनविरहित अवस्थेतही जेवता येतं.

ही नळी राहते मात्र फार गर्दीत. पुढे श्वासनलिका, तिच्या खाली हृदय, डाव्या अंगाला शरीरातली सगळ्यांत मोठी धमनी, दोन्ही बाजूंना फुप्फुसं आणि मागे कणा. शिवाय तिच्या अंगालगत व्हेगस नावाचे दोन महत्त्वाचे मज्जातंतू उतरत असतात. जठराने घुसळायचं कसं आणि अन्न पुढे कधी सोडायचं याचे निरोप त्यांच्यातूनच जातात. एवढ्या दाटीत चार-पाच सेंटिमीटरची एखादी गाठ वाढली तर काय होईल? कुणाला तरी धक्का बसणारच.

पण ही गाठ येते कुठून? यासाठी आपल्याला फार मागे जायला हवं, तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हाच्या दिवसांत.

चौथ्या आठवड्यात तुमची सगळी लांबी होती चार-पाच मिलिमीटर. पट्टीवर मोजून पाहा, विश्वास बसणार नाही. त्या इवल्या जिवाच्या आत एक साधी नळी असते. तिच्या पुढच्या भिंतीला एक कोंब फुटतो. हा कोंब वाढतो, त्याला फांद्या फुटतात आणि त्याची होतात फुप्फुसं. उरलेली नळी मागे राहते, ती होते अन्ननलिका. दोघींच्या मध्ये पडदा तयार होतो आणि एका नळीच्या दोन नळ्या होतात, एक हवेची आणि एक अन्नाची. ज्या दोन वाटा आपण आयुष्यभर वेगळ्या ठेवतो, आणि ज्यांची गल्लत झाली की जोराचा ठसका लागतो, त्या दोन्ही मुळात एकच होत्या! मला तर शरीरशास्त्रातली ही सगळ्यांत नवलाची गोष्ट वाटते.

पुढच्या काही आठवड्यांत आणखी एक नवल घडतं. अन्ननलिकेचं आतलं अस्तर इतकं भराभर वाढतं की नळी जवळजवळ बुजूनच जाते. मग त्या भरीव भागात बारीक बारीक पोकळ्या तयार होतात. त्या एकमेकींना मिळतात आणि नळी पुन्हा मोकळी होते. लाखो बाळांमध्ये हे काम बिनचूक पार पडतं. एखाद्या बाळात मात्र एखादी पोकळी बाकीच्यांना मिळायची राहून जाते आणि नळीच्या भिंतीतच बंद खोली होऊन बसते. किंवा फुप्फुसाच्या कोंबाचा एखादा कण मूळ जागेपासून सुटून अन्ननलिकेच्या शेजारी राहतो. अशा जागी अडकलेल्या पेशींना तर आपलं काम माहीत असतं. त्या चिकट द्रव पाझरत राहतात. खोलीला दार नाही, द्रव बाहेर जायला वाट नाही. हळूहळू खोली फुगत जाते. डॉक्टर तिला सिस्ट म्हणतात आणि आपल्या घरी आजी म्हणेल, पाण्याची गाठ.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की तिचं माहेर कळतं. भिंतीत अन्ननलिकेसारखे स्नायूंचे दोन थर असतील, तर ती अन्ननलिकेच्या घरची. कूर्चा सापडली, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असतो तो कडक पण लवचीक पदार्थ, तर ती श्वासनलिकेच्या घरची. कधी तर अन्ननलिकेच्या गाठीत चक्क जठराचं अस्तर सापडतं आणि ते आत आम्लही तयार करत असतं! अशा गाठीत जखम होऊन रक्त येऊ शकतं, म्हणून डॉक्टर तिच्याकडे जास्त लक्ष देतात.

घाबरू नका. ही गाठ कॅन्सरची नसते. ती साधी गाठ असते, शरीरभर पसरत नाही. आणि ती दुर्मीळ आहे. अन्ननलिकेच्या या जन्मजात गाठीचं प्रमाण सुमारे ८,२०० माणसांत एक असं वैद्यकाच्या पुस्तकांत दिलेलं असतं. बऱ्याच जणांना ती असल्याचं कळतही नाही. दुसऱ्याच कशासाठी छातीचा फोटो काढतात आणि त्यात हृदयामागे एक गोल सावली दिसते.

पण जागा चुकीची असेल तर साधी गाठही छळते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मऊ असते. गाठीनं ती दाबली तर श्वास घेताना घरघर होते, सारखा खोकला येतो, एकाच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. मोठ्या मुलाला भाकरी-पोळीचा घास छातीत अडल्यासारखा वाटतो, मग ते मूल प्रत्येक घासाबरोबर पाणी पितं आणि सगळ्यांच्या शेवटी ताटावरून उठतं. घरच्यांना वाटतं, खाण्याचे नखरे आहेत. कधी गाठीत जंतू शिरतात आणि ताप येतो. म्हणून त्रास देणारी गाठ काढून टाकायची, यावर डॉक्टरांचं एकमत आहे. त्रास न देणाऱ्या गाठीबद्दल मात्र मोठ्या माणसांत काही डॉक्टर लक्ष ठेवून थांबतात. लहान मुलांत बहुतेक जण काढण्याचा सल्ला देतात, कारण मूल वाढणार आणि गाठही वाढण्याची शक्यता असते.

गाठ आहे हे कळलं, पण आत बघायचं कसं? हा प्रश्न माणसाला फार काळ छळत होता. मला तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची सगळी कहाणी ही मुळात उजेडाची कहाणी वाटते. चाकू माणसाकडे फार पूर्वीपासून होता. नव्हता तो आत न्यायला उजेड.

१८०६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी नावाच्या तरुण डॉक्टरनं एक यंत्र बनवलं. त्यात होती मेणबत्ती, आरसा आणि नळ्या. मेणबत्तीचा उजेड आरशावरून शरीराच्या आत टाकायचा आणि दुसऱ्या बाजूनं बघायचं. कल्पना उत्तम होती, पण मेणबत्ती ती मेणबत्तीच. फार आतलं काही दिसेना.

मग १८६८ साल उजाडलं. फ्रायबुर्ग गावात अडोल्फ कुसमाऊल नावाचे डॉक्टर होते. अन्ननलिका वाकडीतिकडी असते, तिच्यात सरळ नळी घालता येणारच नाही, अशी तेव्हा बऱ्याच जणांची समजूत. पण जत्रेत तलवार गिळून दाखवणारे खेळकरी असतात ना? त्यांची तलवार कुठे वाकडी असते! मान पूर्ण मागे टाकली की तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत येतात, हे तलवार गिळणाऱ्याला शाळेत न जाता ठाऊक होतं. कुसमाऊल यांनी अशाच एका खेळकऱ्याला बोलावलं आणि ४७ सेंटिमीटर लांबीची धातूची नळी त्याच्या अन्ननलिकेतून खाली उतरवली. नळी गेली! पण दिव्याचा उजेड जठरापर्यंत पोचेना. पुन्हा उजेडच कमी पडला. त्या खेळकऱ्याचे आपण सगळ्यांनी आभार मानायला हवेत. (आणि हा खेळ कुणी घरी करून बघायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.)

पुढे विजेचा दिवा आला आणि चित्र पालटू लागलं. १९१० मध्ये स्वीडनच्या हान्स क्रिस्टियन याकोबेउस या डॉक्टरांनी छातीच्या पिंजऱ्यात बारीक भोकातून नळी घालून फुप्फुसाभोवतालची जागा डोळ्यांनी पाहिली. तेव्हा क्षयरोगावर आजच्यासारखी औषधं नव्हती, त्या रोग्यांसाठी ही धडपड चालली होती.

यानंतरची मोठी उडी आपल्या देशात जन्मलेल्या माणसाच्या मदतीनं पडली. पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदर सिंग कपानी लंडनला हॅरोल्ड हॉपकिन्स या शास्त्रज्ञांकडे संशोधन करत होते. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंचा जुडगा केला तर उजेड आणि चित्र वाकड्या वाटेनंही नेता येतं, हे दोघांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं. आता दिवा शरीराबाहेर ठेवायचा आणि फक्त उजेड आत पाठवायचा! हॉपकिन्स यांनी पुढे सरळ दुर्बिणीसाठी काचेच्या लांब कांड्यांची रचना शोधली आणि बारीक नळीतून लख्ख चित्र दिसू लागलं. नंतर दुर्बिणीच्या टोकाला छोटा कॅमेरा जोडला गेला. एकट्या डॉक्टरांच्या डोळ्याला दिसणारं दृश्य पडद्यावर आलं, खोलीतल्या सगळ्यांना दिसू लागलं आणि शस्त्रक्रियेत मदत करणारे हात एकदम वाढले.

आपल्याकडे ही वाट रुळवली ती मुंबईच्या डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी. १९७२ पासून ते दुर्बिणीनं पोटाच्या आत पाहून रोगाचं निदान करत होते. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ती अशी पहिली शस्त्रक्रिया. जे. जे. हे सरकारी रुग्णालय आहे, तिथे गरिबातला गरीब माणूस येतो. त्यामुळे दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा श्रीमंतांचा थाट नाही, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं, असं मला वाटतं. आणि हिशेब तर सरळ आहे. हातावर पोट असणाऱ्या माणसाला महिनाभर घरी बसणं परवडत नाही, लवकर बरं होण्याची गरज त्यालाच जास्त. २०१७ मध्ये उदवाडिया यांना पद्मभूषण मिळालं. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

पोटात रुळलेली ही पद्धत १९९० नंतरच्या वर्षांत जगभर छातीतही पोचली. आणि आता आपल्या गाठीकडे वळू या.

पूर्वी ही गाठ काढायची तर बरगड्यांच्या मधून लांब चीर द्यावी लागे आणि दोन बरगड्या यंत्रानं फाकवाव्या लागत. गाठ निघायची, पण दुखणं फार. श्वास घेताना बरगड्या हलतातच, त्यांना विश्रांती कुठली! शिवाय अगदी लहानपणी अशी मोठी शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांचा कणा पुढे वाढत्या वयात एका बाजूला झुकलेला आढळला. म्हणजे गाठीचा त्रास गेला, पण वाटेचा त्रास मागे राहिला.

आता डॉक्टर काय करतात? आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून गाठीची नेमकी जागा बघतात. नंतर ठरलेल्या दिवशी भूलतज्ज्ञ मुलाला गाढ झोपवतात. या गोष्टीतला अर्धा मान त्यांचा आहे, बरं का! ज्या बाजूला शस्त्रक्रिया करायची त्या बाजूचं फुप्फुस जरा मिटवून ठेवायचं आणि दुसऱ्या फुप्फुसावर मुलाचा श्वास चालवायचा, हे त्यांचं काम. शस्त्रक्रिया चालू असताना त्यांची नजर मुलाच्या रक्तातल्या प्राणवायूवरून हटत नाही.

मुलाला कुशीवर, थोडं पालथं झुकवून ठेवतात, म्हणजे फुप्फुस आपल्याच वजनानं पुढे कलतं आणि मागे दडलेली अन्ननलिका समोर येते. मग काखेच्या खाली, बरगड्यांच्या मध्ये, पाच मिलिमीटरचं एक भोक. पट्टीवर पुन्हा बघा. चौथ्या आठवड्यात तुम्ही जेवढे होतात तेवढं! या भोकातून दुर्बीण जाते. आणखी दोन-तीन तशीच भोकं, त्यांतून लांब दांड्यांची हत्यारं जातात. अगदी लहान बाळांसाठी तर तीन मिलिमीटर जाडीची हत्यारंही मिळतात.

छातीत जागा व्हावी म्हणून अगदी हलक्या दाबानं कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. साधी हवा का नाही? कारण आत विजेच्या हत्यारानं बारीक रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात आणि हा वायू आगीला मदत करत नाही. शिवाय तो रक्तात चटकन विरघळतो आणि उच्छ्वासाबरोबर निघून जातो.

पडद्यावर आता छातीचं आतलं दृश्य कितीतरी मोठं होऊन दिसतं. गुलाबी फुप्फुस, धडधडणारी मोठी धमनी, अन्ननलिकेवरून उतरणारा पांढुरका व्हेगस आणि तिच्या भिंतीवर आलेला गोल फुगवटा. डॉक्टर वरचं पातळ आवरण उघडतात. स्नायूचे धागे आडवे कापत नाहीत, उभे बाजूला करतात. व्हेगसला हळूच सरकवून ठेवतात. आणि मग गाठ चारही बाजूंनी सोडवायला घेतात. हे घाईचं काम नाही. गाठीची भिंत आणि अन्ननलिकेचं आतलं अस्तर कधी कधी एकमेकांना चिकटलेलं असतं. तिथे एक मिलिमीटरची चूक झाली तर अन्ननलिकेला भोक पडेल आणि गिळलेली थुंकी छातीत पाझरेल. ते फार धोक्याचं.

यासाठी डॉक्टरांनी एक झकास युक्ती काढली आहे. तोंडातून आणखी एक लवचीक दुर्बीण अन्ननलिकेत उतरवतात. तिचा दिवा आतून लागला की नळीची भिंत उजळते आणि बाहेरच्या दुर्बिणीला नेमकं कळतं की नळी इथे आहे, गाठ तिथे. दोन डॉक्टर, दोन दुर्बिणी, मध्ये काही मिलिमीटरची भिंत. एक आतून बघतोय, दुसरा बाहेरून!

गाठ सुटली की पुढची परीक्षा. छातीत त्या जागी थोडं स्वच्छ सलाइन भरतात आणि आतल्या दुर्बिणीतून अन्ननलिकेत हवा फुंकतात. बुडबुडे आले तर गळती आहे. सायकलच्या दुकानात पंक्चर शोधायला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरतात ना, तीच परीक्षा, इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेत! बुडबुडे आलेच तर तिथल्या तिथे टाके घालतात. नाही आले तरी बाजूला केलेले स्नायू परत जुळवून शिवतात, नाहीतर पुढे त्या जागी अस्तराचा फुगा बाहेर येऊ शकतो.

आता एक कोडं. चार सेंटिमीटरची गाठ पाच मिलिमीटरच्या भोकातून बाहेर कशी काढायची? विचार करा जरा. गाठीत मुख्यतः द्रवच असतो. तो शोषून घेतला की उरते फक्त रिकामी पिशवी. ती प्लॅस्टिकच्या छोट्या थैलीत घालून, लागलं तर भोक थोडं रुंद करून, अलगद ओढून घेतात. मग ती जाते सूक्ष्मदर्शकाखाली, माहेर शोधायला.

छातीतली उरलेली हवा आणि पाणी बाहेर येण्यासाठी एक नळी काही दिवस ठेवतात. अन्ननलिका नीट आहे याची खात्री झाली की आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात. सगळं सुरळीत असेल तर मूल काही दिवसांत घरी जातं. काखेखाली उरतात तीन-चार बारीक खुणा.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. भोक लहान असलं तरी शस्त्रक्रिया लहान नसते. आत तीच अन्ननलिका, तीच धमनी, तीच जोखीम. रक्तस्राव झाला किंवा गाठ फारच चिकटलेली निघाली, तर डॉक्टर दुर्बीण बाजूला ठेवून छाती उघडतात. काही लोकांना वाटतं, ऑपरेशन फसलं. तसं मुळीच नाही. कधी थांबायचं आणि कधी दार मोठं करायचं हे ज्याला कळतं, तोच चांगला सर्जन. मी तरी माझ्या घरचं मूल अशाच डॉक्टरांच्या हाती सोपवीन.

नंदिनी नगरच्या एखाद्या मुलाला असा त्रास झाला तर त्यानं कुठे जायचं? भिलाईला सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचं जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. पुढे रायपूरला एम्स आहे आणि इकडे नागपूरलाही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. अशा गाठीसाठी लहान मुलांचे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि दुर्बिणीनं गिळण्याची नळी तपासणारे डॉक्टर अशी मंडळी एकत्र लागतात, म्हणून मोठ्या रुग्णालयातच जायचं. आणि तुमच्यापैकी कुणाला घास वारंवार छातीत अडतोय असं वाटत असेल, तर ‘आई रागावेल’ म्हणून लपवू नका. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण ते डॉक्टरांनी सांगायचं, आपण नाही.

आता तुमच्यासाठी एक खेळ. दुर्बिणीतून काम करताना एक विचित्र गोष्ट घडते. हत्याराची मूठ डावीकडे नेली की आतलं टोक उजवीकडे जातं. मूठ वर उचलली की टोक खाली. कारण हत्यार भोकापाशी अडकलेलं असतं आणि तिथेच फिरतं. वर नजर पडद्यावर आणि हात दुसरीकडे! सर्जन होऊ पाहणारे डॉक्टर कितीतरी तास एका पेटीत याचा सराव करतात. तुम्हीही करा. बुटांचं रिकामं खोकं घ्या. मोठ्यांच्या मदतीनं त्याच्या झाकणाला चांगलं वीतभर अंतर ठेवून दोन भोकं पाडा. खोक्याची एक बाजू कापा आणि तिथे मोबाइलचा कॅमेरा आत बघेल असा टेकवून ठेवा. आत दहा शेंगदाणे आणि एक वाटी. भोकांतून दोन लांब पेन्सिली घाला आणि खोक्यात न डोकावता, फक्त मोबाइलच्या पडद्याकडे बघून, दोन पेन्सिलींच्या टोकांत एकेक शेंगदाणा धरून वाटीत टाका. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत किती जमले आणि आठवड्याच्या सरावानंतर किती, ते दोन्ही आकडे आम्हाला पत्रानं नक्की कळवा.